बिनफौजेचे कॅप्टनसाहेब

"आमच्या फौजेत असं चालत नाही, मॅडम."

कॉलेजच्या ऑफिसात हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल, त्याला गणती नाही. पंखा कुरकुरला तरी आमच्या फौजेत असं चालत नाही. चहात साखर जास्त पडली तरी तेच. बोलताना आमचे कॅप्टनसाहेब डावं मनगट उलटं करून घड्याळ बघायचे, कारण घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला असायची. सैनिक तसं घालतात म्हणे, काच चमकून शत्रूला दिसू नये म्हणून. आमच्या राज्यशास्त्र विभागात शत्रू कुठून येणार होता, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्याही ऑफिसात नाहीतर गल्लीत असा एखादा असेलच. नसेल तर तुम्ही नशीबवान आहात.

आधी नीट सांगते, नाहीतर तुमचा गैरसमज व्हायचा. ते कॅप्टन होते, पण फौजेतले नव्हते. आमच्या कॉलेजात ते राज्यशास्त्र शिकवायचे. कॉलेजात छात्रसेनेची तुकडी असली की ती एखाद्या प्राध्यापकाकडं सोपवतात. त्याला थोडे महिने ट्रेनिंग देतात, वर्दी देतात, खांद्यावर लावायला हुद्दा देतात. बाकीच्या कॉलेजांतले असे प्राध्यापक परेड संपली की वर्दी काढून ठेवतात आणि भाजी आणायला जातात. आमचे साहेब भाजीही वर्दीतच आणायचे. दारावरच्या पाटीवरचं 'प्रा.' पुसून त्यांनी 'कॅप्टन' लिहून घेतलं होतं. लग्नाच्या पत्रिकेवर कुणी नुसतं 'सर' लिहिलं तर त्या लग्नाला जायचे नाहीत. मी त्यांना इथं 'ते' म्हणते आहे ती ऑफिसातली सवय. मनात मी काय म्हणायचे, ते लिहिण्यासारखं नाही.

वर्दी शहागंजातल्या एका म्हाताऱ्या टेलरकडं शिवायची. एकदा माझे ब्लाऊज आणायला मी तिथं गेले तर साहेब स्टुलावर छाती काढून उभे. टेलर टेप धरून वैतागला होता.

"कप्तान साब, सांस छोडो ना. पेट अंदर लेके नाप देते, फिर बटन टूटते, फिर मेरेकू बोलते."

"हमारे फौज में पेट नहीं रहता, चाचा."

"हौ, फौज में नै रहता. आपके पास है ना."

मी पदरात तोंड घालून बाहेर आले.

आमचं कॉलेज छावणीपासून हाकेच्या अंतरावर आहे. खऱ्या फौजेचे ट्रक रस्त्यानं जायचे. ट्रक दिसला की साहेब स्कूटर कडेला घेऊन, खाली उतरून सॅल्यूट ठोकायचे. त्यांची वर्दी खाकी, ट्रकमधल्या जवानांची हिरवी. जवान बिचारे एकमेकांकडं बघायचे. त्यांनी परत सॅल्यूट केल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण या माणसाच्या मिरवण्याची किंमत पोरं मोजायची. संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाची मुंज बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयात होती. साहेबांनी तिथं चाळीस कॅडेट नेले आणि गेटपासून स्टेजपर्यंत दोन रांगा करून उभे केले. मे महिना, डोक्यावर ऊन. प्रत्येक पाहुणा आला की "सावधान!" दोन तासांनी जालन्याकडची एक पोरगी धाडकन खाली पडली. मी तिला सावलीत ओढलं, लिंबूपाणी पाजलं. साहेब आले, मनगट उलटं करून घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आमच्या फौजेत असं पडत नाहीत." मला वाटलं, हातातला ग्लास यांच्या टोपीवर ओतावा. ओतला नाही. नोकरी होती.

शिष्यवृत्तीचे फॉर्म ही आणखी एक कथा. छात्रसेनेच्या पोरांना शिष्यवृत्ती असते. खेड्यातून आलेल्या पोरांचं शिक्षण तिच्यावर निभतं, आणि पुढं अधिकारी व्हायची वाटही तिथूनच सुरू होते. फॉर्मवर साहेबांची सही लागायची. पण सहीसाठी आलेल्या पोरानं दारात टाच आपटून परवानगी मागायची. टाच नीट आपटली नाही तर माघारी. चारचार दिवस पोरं त्या दारात टाचा आपटत असायची आणि इकडं मुदत संपत यायची. शेवटी मी युक्ती काढली. फॉर्मच्या तळाशी 'कॅप्टन' हा शब्द मोठ्या ठळक अक्षरांत टाइप करायचा, पुढं त्यांचं नाव, आणि गठ्ठा रजेच्या अर्जांमध्ये घालून टेबलावर ठेवायचा. ते ठळक 'कॅप्टन' दिसलं की साहेब वरचं काही न वाचता झोकात सही करायचे. तेरा वर्षं ही युक्ती चालली.

आता मुद्द्यावर येते. सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे ती लाल वही.

छात्रसेनेत नीट वर्षं काढून सी सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत मिळवलं आणि पदवी घेतली, की फौजेत अधिकारी व्हायला लेखी परीक्षा माफ असते. थेट निवड मंडळापुढं बोलावतात. आमच्याकडची पोरं बहुतेक भोपाळला जायची. पाच दिवस तपासतात. चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात, स्वतःबद्दल लिहायला लावतात, मैदानावर गटानं कामं देतात, मुलाखत घेतात. पाचव्या दिवशी ज्यांना घेतलं त्यांचे नंबर वाचतात, बाकीच्यांनी सामान उचलून स्टेशनवर जायचं. आमच्या कॉलेजातून दरवर्षी एक-दोघं जायची आणि दरवर्षी तेवढीच परत यायची. एकसुद्धा निवडला गेला नव्हता.

का, ते आता सांगते. साहेबांच्या लाल वहीत सगळी उत्तरं होती. आपल्याबद्दल काय लिहायचं, छंद कोणते सांगायचे, चित्र दाखवलं तर गोष्ट काय लिहायची. 'आईवडील मला आज्ञाधारक समजतात. मित्र मला संकटात धावून येणारा समजतात.' छंद ठरलेले: वाचन, गिर्यारोहण, बागकाम. गोष्टीतल्या नायकाचं नाव राज. हा राज कधी बुडणाऱ्याला काढायचा, कधी लाल रुमाल दाखवून रेल्वे थांबवायचा. ही वही मी टाइप केली होती. सुरुवातीच्या पानांवरचं अक्षर इतकं हललेलं, वाकडंतिकडं, की टाइप करताना माझे डोळे फुटायची वेळ आली. मुली भरती व्हायला लागल्यावर साहेब म्हणाले, मुलींसाठी वेगळी प्रत काढा. मी कॉम्प्युटरवर एका झटक्यात राजची राणी केली. पण 'मी पहाटे उठून दाढी करून धावायला जातो' हे वाक्य तसंच राहिलं. दोन बॅचच्या मुलींनी ते पाठही केलं होतं. कुणी विचारलं नाही. साहेबांच्या वहीतलं म्हणजे वेदवाक्य.

अशात सारजा आली.

पाचोडच्या बाहेर एक वस्ती आहे, धनगरांची. तिथली ही पोरगी. नाव आजीचंच ठेवलेलं. काळी, काटक, बोलायला कमी. वडलांची मेंढरं. पावसाळा संपला की बाप कळप घेऊन दूरदूर चारत जायचा आणि सुट्ट्या लागल्या की ही पण कळपामागं. शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन माझ्यापुढं आली तेव्हा मी विचारलं, "पुढं काय करणार गं?"

"ऑफिसर व्हायचंय, मॅडम. फौजंत."

"घरी सांगितलंस का?"

"बापाला सांगितलं. बाप म्हणला, एक डाव जा. झालं तर झालं, नाय तर मांडव टाकतो. वाळूजच्या कंपनीतला पोरगा बघून ठिवलाय."

आणि या वाटेला लग्न झालेली चालत नाही. फॉर्मवर पहिलीच अट तीच होती. म्हणजे तिच्याकडं खरोखर एकच डाव होता.

सी सर्टिफिकेट तिनं पहिल्या श्रेणीत काढलं. साहेबांनी तिला समोर बसवून निवड मंडळाचा फॉर्म भरून घेतला, माझ्याच टेबलावर.

"वडलांचा व्यवसाय?"

"मेंढरं हायत, साहेब."

"मेंढरं लिहायचं नाही. 'पशुपालन व्यवसाय' लिही. छंद?"

ती पेन धरून फॉर्मकडं बघायला लागली.

"वाचन, गिर्यारोहण, बागकाम. लिही. आमच्या फौजेत माणसाला छंद पाहिजेत."

"साहेब, मी डोंगरावर मेंढ्या घिऊन—"

"मेंढ्या नाही! गिर्यारोहण."

मी समोर बसून हे ऐकत होते. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी काय केलं? तिला लाल वहीची झेरॉक्स काढून दिली.

सारजा भोपाळला गेली आणि सहाव्या दिवशी परत आली. स्टेशनवरून थेट ऑफिसात, खांद्याला बॅग. डोळे कोरडे होते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"काय झालं गं?"

"मॅडम, मुलाखतीत त्यांनी इचारलं, बागंत काय लावलंय? आमच्या वस्तीवर प्यायला पाणी टँकरचं. मी म्हणलं, गुलाब. त्यांनी इचारलं, कोणता गुलाब? मी गप. मग इचारलं, डोंगर कोणता चढलीस? तेबी गप. मग ते हसले न् म्हणले, तुमच्या कॉलेजातले सगळेच बागकाम करतात का? मागल्या साली आलेला पोरगा पण गुलाबच लावायचा."

खांद्यावरची बॅग खाली ठेवून ती म्हणाली, "चित्राच्या गोष्टीत मी राणीच लिहिली, मॅडम. रेल्वे थांबवणारी. माझ्या शेजारी बसलेली पोरगी तिच्या मनचं लिहीत होती."

तिला मी चहा पाजला आणि बसस्टँडवर सोडलं. परत आले ते तडक साहेबांच्या खोलीत. टाच नाही, परवानगी नाही. लाल वहीची टाइप केलेली प्रत त्यांच्या टेबलावर आपटली.

"मॅडम, हे काय? आमच्या फौजेत—"

"तुमची फौज कुठली, सांगा मला! एक तरी गोळी झाडलीय का तुम्ही? मुंजीत रांगा लावायच्या, भाजीला वर्दी घालून जायचं! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! पोरांची आयुष्यं मातीत घातलीत. त्या पोरीचं आता लग्न लावून देतील. कळतंय का तुम्हाला?"

आयुष्यात मी कुणाशी असं बोलले नव्हते. मला वाटलं, आता हे प्राचार्यांकडं जाणार आणि माझ्यावर मेमो येणार. येऊ दे म्हटलं.

साहेब खाली बसले. खणातून त्यांनी मूळ वही काढली, हाताने लिहिलेली. पहिलं पान उघडून माझ्यापुढं सरकवलं.

"हे अक्षर असं का आहे, माहितीय?"

"मला काय माहीत? डोळे फुटले माझे टाइप करताना."

"गाडीत लिहिलंय. भोपाळहून परत येताना. मी बावीस वर्षांचा होतो." ते वहीकडं बघत बोलत होते. "पाच वेळा गेलो. पाचही वेळा परत पाठवलं. दर वेळी गाडीत बसलो की सुचायचं, अरे, असं सांगायला पाहिजे होतं. मग लिहून ठेवायचो. पुढच्या वेळी हे सांगायचं म्हणून. मग वय संपलं."

मी उभीच होते. मला दया आली असं तुम्हाला वाटेल. नाही आली. उलट राग वाढला. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस पोरांना पाठवतच नव्हता. स्वतःलाच पाठवत होता, पुन्हापुन्हा, आणि नापास मात्र पोरं होत होती. मी ते तसंच्या तसं त्यांना सांगितलं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "तिच्या वडलांना भेटायला पाहिजे."

"भेटून काय, फौजेच्या गोष्टी सांगणार?"

"तुम्ही या सोबत."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं पाचोडला निघालो. वर्दीत आले, हे सांगायला नकोच. बसमध्ये एका म्हाताऱ्यानं त्यांना विचारलं, "सायेब, तुमी जंगल खात्यात का?" साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. मला हसू आलं आणि मी ते दाबलंही नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा मेंढरं जाळीच्या कुंपणात होती. कुत्रं आमच्या अंगावर धावलं, सारजानं त्याला नुसत्या एका आवाजानं बसवलं. बापानं घोंगडी अंथरली. डोक्याला फेटा, हाताला घट्टे. आजूबाजूची चारपाच माणसं वर्दी बघून गोळा झाली. एवढे लोक म्हणजे साहेबांना पर्वणीच. मी मनात म्हटलं, आता सुरू होणार.

सारजाच्या बापानं पाणी पुढं केलं आणि आदरानं विचारलं, "सायेब, तुमी मिलिटरीत कोणच्या बाजूला व्हते? चीनकडं का पाकिस्तानकडं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी नजर हलवली नाही. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. टोपीशिवाय त्यांना मी पहिल्यांदाच बघितलं. पार टक्कल होतं.

"मी मिलिटरीत नव्हतो," ते म्हणाले. "मला घेतलं नाही. पाच वेळा गेलो, पाच वेळा परत पाठवलं. मी कॉलेजात मास्तर आहे. ही वर्दी पोरांना कवायत शिकवायची आहे, लढायची नाही."

कुणीतरी मागं फिसकन हसलं.

"आणि तुमच्या मुलीला परत पाठवलं ते माझ्यामुळं. मी तिला खोटं लिहायला लावलं. तिची चूक नाही. तिला अजून एकदा जाऊ द्या. एवढं सांगायला आलो."

बाप बराच वेळ घोंगडीचा धागा ओढत बसला. मग म्हणाला, "पाच डाव गेल्ते तुमी?"

"पाच."

"तुमच्या बापानं जाऊ दिलं पाच डाव?"

"दिलं."

"काय करायचे ते?"

"हमाली. जालन्याच्या मोंढ्यात."

हे मला माहीत नव्हतं. कॉलेजात कुणालाच माहीत नव्हतं. आम्हाला सांगितलेलं होतं की वडील व्यापारी.

सारजाच्या बापानं लेकीकडं बघितलं. ती कुंपणाला टेकून उभी होती, ओठ आवळून. तो आपल्या माणसांकडं वळून म्हणाला, "हमालानं पाच डाव जाऊ दिलं, आन मी पोरीला एकच डाव म्हणतोय व्हय?" मग साहेबांना म्हणाला, "वाळूजवाल्यांना कळवतो, पोरगी शिकतीया म्हणून. जाऊ द्या अजून एक साल. पर आता लबाडी नको, सायेब."

"नाही," साहेब म्हणाले.

परत येताना सिडको आल्यावर ते उतरताना म्हणाले, "ती फाईल कॉम्प्युटरवरून पुसून टाका." मी त्याच दिवशी पुसली.

सारजा पुन्हा भोपाळला गेली. फॉर्मवर बापाचा व्यवसाय 'मेंढपाळ' आणि छंदांच्या रकान्यात 'कुत्री शिकवणे'. मुलाखतीत तिला विचारलं, कधी अडचणीतून वाट काढलीस का? तिनं चौदाव्या वर्षी दोनशे मेंढरं पुराच्या ओढ्यापलीकडं कशी नेली ते सांगितलं. बाप तापानं फणफणलेला, सोबत धाकटा भाऊ आणि कुत्रं. आधी म्हातारी मेंढी कशी उतरवली, ती गेली की बाकीची कशी मागं येतात, कोकरं कुणी उचलली, सगळं. मुलाखत घेणारे अर्धा तास मेंढ्यांबद्दलच विचारत बसले म्हणे. पाचव्या दिवशी नंबर वाचले त्यात तिचा होता.

आता तुम्हाला वाटेल, साहेब सुधारले. छे! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. चार दिवसांत कॉलेजच्या गेटवर बॅनर लागला. त्यावर साहेबांचा वर्दीतला फोटो परातीएवढा, सारजाचा बशीएवढा. वर मजकूर, 'कॅप्टनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली घवघवीत यश.' स्टाफरूममध्ये सांगायला लागले, "हिरा होता, पैलू मी पाडले." मी तिथंच होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवला.

सारजा चेन्नईच्या अकादमीत गेली. जवळजवळ वर्षभर ट्रेनिंग. शेवटी मोठी परेड असते आणि तिच्यानंतर आईबाप स्वतःच्या हातानं पोरांच्या खांद्यावर तारे लावतात. तिनं ऑफिसात माझ्या नावानं तीन पास पाठवले. दोन आईबापाचे, तिसऱ्यावर नुसतं 'पाहुणा'. सोबत चिठ्ठी, हा साहेबांना द्या.

आठवडाभर साहेब तो पास खिशात घेऊन हिंडले. ग्रंथपालापासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. शहागंजात नवी वर्दी शिवायला टाकली. रेल्वेचं रिझर्वेशन झालं. आणि निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले, पास टेबलावर ठेवला.

"तुम्ही जा, मॅडम."

"आणि तुम्ही? नवी वर्दी शिवली ना?"

"तिथं सगळे खरे असतात," ते म्हणाले आणि निघून गेले.

एरवी मी एखादा टोमणा मारला असता. जिभेवर आलाही होता. पण त्यांची पाठ दिसत होती, मग राहू दिलं.

मी गेले. सारजाच्या बापाबरोबर आणि आईबरोबर, दोन दिवसांचा प्रवास. आईनं ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. परेड बघताना माझ्या अंगावर काटा आला, ते काय वर्णन करू! शेवटी ती धावत आमच्याकडं आली. बापानं एका खांद्यावर तारे लावले. "टोचंल का गं तुला?" म्हणत आईनं दुसऱ्या खांद्यावर लावले. सारजा रडली. मग डोळे पुसून माझ्या मागं बघायला लागली.

"साहेब?"

मी त्या माणसाला इतकी वर्षं खोटारडा म्हणत आले होते. आणि एका श्वासात म्हणून गेले, "अगं, त्यांचा कॅम्प लागला ऐन वेळी. मोठा कॅम्प आहे, वरून ऑर्डर आली. तडफडत होते यायला."

तिनं ऐकून घेतलं. तिला पटलं की नाही, देव जाणे. पोरगी हुशार आहे. ती दोन पावलं मागं सरकली, ताठ झाली आणि तिनं मला कडक सॅल्यूट केला. "हा त्यांचा आहे, मॅडम. त्यांना द्या," म्हणाली.

आता सॅल्यूट काय डब्यात भरून आणता येतो?

परतल्यावर सोमवारी ऑफिस उघडायला गेले तर साहेब दारातच. साध्या शर्टात. हातात रजेचा अर्ज, उगाच आपला बहाणा. त्यांना रिटायर व्हायला महिना उरला होता. आता त्यांच्या खोलीत भूगोलाचे एक सर बसतात आणि परेड संपली की वर्दी काढून ठेवतात. पण त्या दिवशी साहेब माझ्यासमोर उभे होते आणि काही विचारत नव्हते.

मीच सांगितलं. बँड, परेड, बापाचा फेटा, आईचं टोचणं. ते मान हलवत राहिले.

"माझं विचारलं?"

"विचारलं. मी सांगितलं, कॅम्प लागला."

"हं. काय म्हणाली?"

"काही नाही. मला सॅल्यूट केला आणि म्हणाली, हा साहेबांचा, त्यांना द्या."

त्यांनी रजेचा अर्ज घडी करून खिशात घातला. "कसा केला?"

"कसा म्हणजे? करतात तसा."

"दाखवा."

बाहेर प्रवेशाच्या फॉर्मसाठी पोरांची रांग लागली होती, सगळी काउंटरच्या जाळीतून बघत होती. मी चोपन्न वर्षांची बाई, गळ्यात चष्म्याची दोरी, अंबाड्यात पेन. म्हटलं, काय हा मेला छळ! पण निरोप तर माझ्याकडंच होता. खुर्ची मागं सारून उभी राहिले आणि हात कपाळाला लावला.

साहेबांनी नीट बघितलं. टेबलाला वळसा घालून आले, दोन बोटांनी माझं कोपर हलकंच वर उचललं.

"एवढं होतं?"

"हो, एवढंच होतं."

मग ते माझ्यासमोर जाऊन उभे राहिले, टाचा जुळवल्या आणि त्यांनी उलट सॅल्यूट केला. वरिष्ठानं हात खाली घेतल्याशिवाय आपण घ्यायचा नसतो, हे साहेबांना पोरांना ओरडून सांगताना मी हजारदा ऐकलं होतं. आता वरिष्ठ होती सारजा. रांगेतली पोरं हसायला लागली. साहेबांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात काही खाली येत नव्हता.

मग मीही माझा तसाच ठेवला.